कॉर्डची खूण नेमक्या शब्दावर

मैत्रिणींनो, आठवतं? पन्नासच्या दशकात चांद्याच्या आपल्या शाळेत सिस्टर फळ्यावर निरोपाचं गाणं लिहायच्या. जिथे कॉर्ड, म्हणजे साथीचा स्वरमेळ, बदलते, नेमक्या त्या शब्दावर लाल खडूने तिची खूण करायच्या.

आज तेच गाणं आपल्या वर्गातल्या सुमनसाठी बसवायला घेतलं. तिला आता माणसं ओळखू येत नाहीत, पण गाणी येतात. रविवारी एटापल्लीला तिच्यासमोर गायचंय.

गिटारवर सलीमभाऊ होते. दुसऱ्याच शब्दाला सूर बिघडला.

"बाई, तुमी धाडलं तसंच वाजवून राह्यलो. मंग काऊन बिघडते?"

त्यांचा फोन पाहिला. मी शब्दांच्या वर लिहिलेल्या खुणा फोनवर डावीकडे, आधीच्या शब्दावर सरकल्या होत्या. मग प्रत्येक खूण ओळीतच, शब्दाच्या आधी लिहिली:

[सी] जाते मी [ए मायनर] दूर जरी, [जी] शाळा माझी [सी] येते घरी

"आता जमलं! पहिलेच असं काऊन नाई लिहिलं?"

सुमन ओळखेल ना गं? चुकीच्या सुरात तर नक्कीच नाही. म्हणून रविवारपर्यंत रोज तालीम.

खुणांचा कागद सलीमभाऊंना. आपल्यासोबत गाणाऱ्या सिरोंच्याच्या विमलला नुसते शब्द, मोठ्या अक्षरांत. सुमनला कागद नको, तिच्या शेजारची खुर्ची मला द्या.