ह्यांचं सेकंडहँड रिव्हॉल्व्हर

शहरातल्या सदर भागातल्या त्या दुकानात मी एकटीच बाई होते. भिंतीवर बंदुका टांगलेल्या, मध्ये काचेचं काउंटर, आणि बाकावर दोन बागायतदार मिशा कुरवाळत बसलेले. माझ्याकडे पाहून त्यांना वाटलं असावं, बाई चुकून आली, कुकरची रिंग शेजारच्या दुकानात मिळते. मी पर्समधून लायसन्स काढलं आणि काचेवर ठेवलं, जरा जोरातच.

"माझ्या मिस्टरांचं रिव्हॉल्व्हर तुमच्याकडे जमा आहे. आता ते माझ्या नावावर झालंय. चालवायच्या आधी नीट तपासून द्या."

हे गेल्यावर ते कायद्याप्रमाणे या दुकानात जमा करावं लागलं होतं. मग लायसन्ससाठी कचेऱ्यांच्या खेपा सुरू झाल्या. "या वयात बाईमाणसाला कशाला हवं?" हा प्रश्न मी इतक्या टेबलांवर ऐकला की शेवटी एका साहेबांना म्हटलं, तरुणपणी लागलं नाही, या वयातच लागतं.

खरं कारण माझा मुलगा. तो पुण्यात असतो आणि मी नरखेड तालुक्यातल्या आमच्या संत्र्याच्या बागेत, दोन खोल्यांच्या घरात, एकटी. "तू इकडे ये" हा त्याचा रोजचा जप. पुण्याला मी राहून पाहिलं आहे. सून गुणाची आहे, पण दोघंही सकाळी कामावर जातात, आणि दिवसभर मी त्या उंच घरात फ्रिजचा आवाज ऐकत बसते. एकटंच राहायचं तर आपल्या घरात राहावं, दार उघडलं तर निदान आपली झाडं दिसतात. शेवटी पोरगा कंटाळून म्हणाला, "बाबांचं रिव्हॉल्व्हर घेऊन राहीन म्हणतेस ना? मग आधी ते तपासून घे, रेंजवर चालवून पाहा. चाललं तर मी परत विषय काढणार नाही. नाही चाललं तर सामान बांधायचं." मी म्हटलं, ठरलं. म्हणजे माझं घर त्या लोखंडाच्या तुकड्यावर येऊन टेकलं होतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत कारागीर बसला होता. चाळिशीतला, कपाळावर चष्मा चढवलेला. त्याने कापडाची गुंडाळी सोडली आणि रिव्हॉल्व्हर हातात घेऊन नळीचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्याकडे केलं.

"काकू, पहिले हे पाहून ठेवा. हातात आलं का उघडायचं. गोळी नाही, खाली आहे असं कोणी भी म्हणो, उघडायचं. माह्यावर भी भरोसा नाही ठेवायचा."

आमचं रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडतं. त्याने उघडलं, सहाही घरं डोळ्यांनी पाहिली, मग बोट घालून पाहिलं. नळीतून उजेडाकडे बघितलं आणि मलाही बघायला लावलं. आतली वळणं चकचकीत होती. मला उगाच अभिमान वाटला, जणू घासूनपुसून मीच ठेवली होती. ते मिटवल्यावर मात्र गोळ्यांचं चाक फिरेना. थोडं फिरायचं, अडायचं. त्याने पुन्हा उघडलं, चाकाच्या मधली चांदणीच्या आकाराची पट्टी वर उचलली आणि चिमट्याने काहीतरी काढून माझ्यापुढे कागदावर ठेवलं. तांदळाचा दाणा. लालभडक.

"हे काय होय?"

"अक्षता," मी म्हटलं.

"अक्षता?"

"दसऱ्याच्या."

आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या लोखंडाची पूजा होते. विळे, कात्र्या, पाण्याची मोटर, मोटारसायकल, आणि सगळ्यांच्या मध्ये पाटावर ठेवलेलं हे. मी त्याला दरवर्षी न चुकता हळदकुंकू वाहिलं, गोडं तेल लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. कारागिराने चांदणीखालचा घट्ट राळ खरवडली. तेल आणि कुंकू मिळून त्याचा गुळासारखा पाक झाला होता.

"काकू, गोडं तेल मोटरले लावता का? मंग याले काहून लावलं? पूजा करा, पण डब्यावरून करा."

बाकावरचे ते दोघे आता दारात येऊन पाहू लागले होते. मला हसू आलं. देवाच्या नावाने मी आमच्या संरक्षणाचीच मान मुरगाळून ठेवली होती. पण घोटाळा एवढाच असेल तर धुऊन जाईल, असं वाटून जीवही भांड्यात पडला. पुणं लांब गेलं.

चाक आता भराभर फिरू लागलं. त्याने घोडा हळूच मागे ओढला, चाक जागेवर ठाम बसतं का पाहिलं, ओढलेल्या घोड्याला अंगठ्याने मागून रेटून पाहिलं, सुटत नाही ना म्हणून. सगळं बरोबर होतं. मग त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, घोडा दिव्याखाली धरला आणि खणातून भिंग काढलं.

"साहेबांनं हे कधी चालवलं होतं?"

"नाही. का?"

घोड्याला पुढे बारीक टोक असतं. ते गोळीच्या बुडावर आदळतं तेव्हा बार उडतो. त्याने मला भिंग दिलं. ते टोक बसकं झालं होतं, बोथट, अर्धंच उरलेलं.

"झिजलं असेल," मी म्हटलं.

"झिजलं नाही काकू. कानशीनं घासलं आहे. रेघा पाहा ना."

रेघा मी पाहिल्या आणि मला दुसरं काही विचारावंच लागलं नाही. आडव्या, जाड, एकीवर एक चढलेल्या. कानस सरळ न धरता आडवी रेटायची ही पद्धत मी जन्मभर पाहिली होती. आमच्या घरच्या प्रत्येक विळ्यावर अशाच रेघा आहेत. त्यावरून मी ह्यांना किती बोलले असेन.

हे रिव्हॉल्व्हर मुळात माझ्या भित्रेपणापायी घरात आलं. ह्यांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली. तिथल्या कॉलनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, पण दिवे कधी जायचे नाहीत. अंधार दुसऱ्यांच्या घरी असतो, एवढंच मला ठाऊक. निवृत्तीनंतर ह्यांनी बागेत घर बांधलं आणि तिथल्या अंधारात मी थरथर कापायला लागले. घरात हत्यार असल्याशिवाय मी इथे राहणार नाही, असं मी चक्क सांगितलं. हे तर उंदीरसुद्धा पिंजऱ्यात धरून बांधापलीकडे सोडून येणारे, आणि ह्यांच्या आधी उंदीर घरी परत यायचे. तरी माझ्यासाठी खटपट करून त्यांनी लायसन्स मिळवलं आणि एका म्हाताऱ्या ठेकेदाराचं हे जुनं रिव्हॉल्व्हर घेतलं.

मग एका हिवाळ्यात, पहाटेच्या धुक्यात, बागेत कुणीतरी वाकून सरकताना दिसलं. मृग बहराची संत्री झाडावर होती आणि चोऱ्या होतच होत्या. रिव्हॉल्व्हर घेऊन हे ओसरीवर आले, मी मागे दाराशी. ह्यांचा हात वर गेला. तेवढ्यात धुक्यातून आवाज आला, "मी होय गा!" आमचा शेजारी, सुटलेलं वासरू शोधत आला होता. तो नि मी हसलो. हे हसले नाहीत. त्या दिवशी ह्यांनी चहा घेतला नाही, जेवलेही नाहीत, आणि दुपारभर मोटरच्या खोलीतून कानशीची करकर येत राहिली. मी विचारलं तर म्हणाले, "कात्रीले धार लावून राहिलो."

तेव्हापासून तो शेजारी आमच्या बागेत पाय टाकण्याआधी बांधावरूनच ओरडतो, "मी होय!" अजूनही ओरडतो. आणि तेव्हापासून रोज दाराला कडी घालताना मी विचारायची, "जवळ आहे ना ते?" हे कपाटावर थाप मारून म्हणायचे, "भेऊ नोको वं, आहे ना थे." की मी घोरायला मोकळी.

कारागीर समजावत होता. असं अर्धवट टोक म्हणजे सगळ्यात वाईट, कधी बार उडेल, कधी नाही, आणि उडाला नाही म्हणून उघडायला जावं तर काय होईल त्याचा नेम नाही. रेंजवर मुळीच नेऊ नका. दुसरा घोडा शोधून बसवता येईल.

"शोधू का काकू?"

"नको," मी म्हटलं.

"मंग याचा उपयोग काय?"

मला राग आला. त्याच्यावर नाही, ह्यांच्यावर. इतकी वर्षं माझ्याजवळ झोपून माणसाने एक शब्द बोलू नये? आणि त्या रागातच डोळ्यांत पाणी आलं, तेही त्या मिशीवाल्यांसमोर. मी ज्याच्या भरवशावर झोपत होते ते कपाटात नव्हतंच. पलंगावर होतं, माझ्या डाव्या हाताला. ती बाजू आता रिकामी आहे, आणि तिच्यासाठी सुटा भाग कुठल्या दुकानात मिळत नाही. "आहे तसंच बांधून द्या," मी म्हटलं. ह्यांच्या हातच्या रेघा मी पुसू देणार नव्हते.

आमचा तो शेजारीच मला त्याच्या गाडीतून घेऊन आला होता. परतताना त्याने विचारलं, "झालं का काम, वहिनी?" मी हो म्हटलं. पुढे वाटभर तो संत्र्याच्या भावाबद्दल बोलत राहिला आणि मी मांडीवरची गुंडाळी धरून बसले.

दिवेलागणीला मुलाचा फोन आला. मी नुकतीच कपाटाला किल्ली लावली होती.

"आई, तपासलं? चालते का थे?"

बाहेर बाग काळी होत चालली होती. खरं सांगितलं असतं तर आठवड्यात माझं सामान पुण्याला गेलं असतं. पण मला आवाजात ऐकू आली ती त्याची भीती. तीच, जी मी रोज कडी घालताना ह्यांच्या गळ्यात घालायची. तिकडे त्याला झोप लागत नव्हती. मी कपाटावर थाप मारली, त्याला ऐकू जाईल अशी.

"भेऊ नोको गा बापा. आहे ना थे."

तो हसला. "बरं झालं. आता मी नाही बोलत." फोन ठेवल्यावर मी दाराला कडी घातली आणि सवयीने विचारून बसले, "जवळ आहे ना ते?" थोडा वेळ वाट पाहिली. मग उत्तरही मीच दिलं, ह्यांच्यासारखं थाप मारून, मोठ्याने. माझ्या आवाजात ते काही खरं वाटलं नाही.