नोरा कीटिंगची नात

सिंगापूरच्या क्लेमेंटीत, राहत्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत फुटबॉल खेळायला मनाई होती. अपूर्वा सहस्रबुद्धे तिथेच शिकली. सोळाव्या वर्षी क्लबच्या मुख्य संघात गेली, विसाव्या वर्षी तिचा गुडघा गेला, एकविसाव्या वर्षी ती पुन्हा मैदानात उतरली. आता चोवीसची झाली होती. दिवसा तुआसच्या बंदरात क्रेनच्या मोटारी तपासायची, संध्याकाळी बचावफळी सांभाळायची.

मार्चमध्ये डब्लिनहून फोन आला. तिथल्या प्रशिक्षकांनी तिचे व्हिडिओ पाहिले होते. आजीचा जन्म आयर्लंडचा असेल तर तिला त्या देशाकडून खेळता येणार होतं, पण सप्टेंबरच्या आत नागरिकत्व हवं होतं. फोन ठेवताच अपूर्वानं आजीला हाक मारली.

आजी तर घरातच होती. आयर्लंडमधल्या कॉर्कची नोरा कीटिंग नर्स म्हणून पुण्यात आली आणि कमलाकर सहस्रबुद्ध्यांची बायको होऊन राहिली. घोळ तिथेच झाला. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून ती मधुमती. लग्नाची नोंदणी कुणी केलीच नव्हती. आता आयर्लंडहून पत्र आलं होतं: नोरा आणि मधुमती एकच, याचा पुरावा पाठवा.

अपूर्वाचे बाबा संजीव यांनी पुण्यातल्या नातेवाइकांना कपाटं पालथी घालायला लावली. हाती काहीच लागलं नाही. जुलै उजाडला.

"नावं बदलायची हौस," बाबा वैतागले.

"हौस तुझ्या वडिलांची," आजी म्हणाली. "मला वाटलं, तांदूळ निवडायला घेतलेत."

"आजी, लग्नानंतर कुठे सही केलीस? बँक, पासपोर्ट, एनिथिंग लाह, काहीही चालेल," अपूर्वा म्हणाली.

"हॉस्पिटलात. वर्षभर ड्यूटी केली की."

"तू लग्नानंतरही नोकरी करायचीस?" बाबांनी विचारलं.

"तुझ्या जन्माआधी. नाव बदललं की नर्सिंग कौन्सिलला कळवावं लागतं. नाहीतर वॉर्डात पाऊल ठेवू देत नाहीत."

तिच्या सुटकेसमधून नर्सिंगचं प्रमाणपत्र निघालं. त्यावर तिचा फोटो होता, नोरा कीटिंग हे नाव, त्याखाली लाल शाईत मधुमती सहस्रबुद्धे, आणि शिक्का.

"अगं आई, इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही लग्नाचे कागद मागत होतात. नोकरीचं कुणी विचारलं?"

ऑगस्टच्या शेवटी नागरिकत्व आलं. सप्टेंबरात, डब्लिनमध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला अपूर्वाचा नंबर बदली खेळाडूच्या पाटीवर उजळला. हिरवा शर्ट खोचत ती आत धावली. आयर्लंड एका गोलनं पुढे होतं, बारा मिनिटं उरली होती, आणि समोरची विंगर चेंडू घेऊन थेट तिच्याच अंगावर येत होती.