मिरचीवालीचा ठसका

आम्ही जो गेम करत होतो त्यातल्या राजपुरोहिताला एकोणीस ओळींचा आशीर्वाद होता. तो मीच लिहिला होता, कारण आमच्या साहेबांना अकरा ओळींचा आधीचा मसुदा 'जरा लाइट' वाटला. वीस वर्षं पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासून झाल्यावर मी धरमपेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर नोकरीला लागले, आणि राक्षस, मांत्रिक व राजकन्या यांच्या तोंडी मराठी घालू लागले. कंपनीत आम्ही चारच जण. साहेब, एक प्रोग्रामर मुलगी, आवाजाचं काम बघणारा एक अबोल माणूस आणि मी.

अशा गेममध्ये प्रत्येक पात्राला एखादी खास शक्ती द्यावी लागते. त्यासाठी आमच्याकडे एक तक्ता होता, चार रकान्यांचा: शक्ती काय करते, किती पावलांपर्यंत पोचते, किती वेळ टिकते आणि पुन्हा वापरायला किती वेळ थांबावं लागतं. पुष्कळ थोर माणसांची चरित्रं या चार रकान्यांत बसतील आणि बराच कागद वाचेल, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. साहेबांचा जीव मात्र नावांत. त्यांनी दिलेली नावं 'महाप्रलयंकर' आणि 'ब्रह्मांडभेदी' अशा थाटाची. ती पडद्यावरच्या बटणात मावत नसत, आणि असं नाव मिळालेली शक्ती प्रत्यक्षात एखाद्या सैनिकाला चार पावलं मागे ढकलण्यापलीकडे काही करत नसे.

एकदा साहेब म्हणाले, "मॅडम, एखादं आपल्या मातीतलं कॅरेक्टर पाहिजे. लोकल टच."

मी मिरचीवाली सुचवली. माझी आई भिवापूरची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही तिने कित्येक हंगाम सातऱ्यावर काढलेले. सातरा म्हणजे लाल मिरचीचे देठ तोडायची उघडी जागा. तिथे सकाळपासून शेकडो बायका मिरचीच्या ढिगांत बसून असतात. मिरचीवालीची शक्ती अगदी साधी ठेवली: ती पदर झटकते आणि पाच पावलांच्या आत जो कोणी असेल त्याला ठसका लागतो. आमच्या गेममधले सगळे मांत्रिक लांबलचक मंत्र म्हणून वार करत असल्यामुळे, खोकणारा मांत्रिक निरुपयोगी. नाव दिलं 'ठसका'. साहेबांनी 'महाठसका' सुचवून पाहिलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

पहिल्याच चाचणीत तिने राजदरबारात पदर झटकला आणि राजपुरोहित तिसऱ्या ओळीवर खोकू लागला. आशीर्वाद पूर्ण झाल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नव्हती, आणि खोकला थांबल्यावर तो दरवेळी पहिल्या ओळीपासून सुरू करायचा. प्रोग्रामर मुलीने डोकं धरलं. आशीर्वाद कापून चार ओळींवर आणण्याला माझी हरकत नव्हती. खरं सांगायचं तर इतकं चांगलं संपादन माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

आता खोकल्याचा आवाज हवा होता. इंटरनेटवरचे सगळे खोकले भाषणाआधी घसा साफ करणाऱ्या पुढाऱ्यांसारखे. मी आईला विचारलं. ती माझ्याकडेच राहते. वय अडुसष्ट.

"खोकायले बोलावून राहिली मले?" ती म्हणाली. "त्याच्यात काय एक्टिंग लागते?"

पण आली. रेकॉर्डिंगच्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावलेल्या, पंखा बंद. माइकसमोर ती स्टुलावर बसली आणि खोकली. कशी खोकली! पोटापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, दम घेऊन पुन्हा. साहेबांनी काचेपलीकडून टाळ्या वाजवल्या. "एकदम ओरिजिनल! मॅडम, ठसक्याचा घेरा पाच पावलांचा आठ करा." मीही टाळ्या वाजवल्या, हे लिहून ठेवलंच पाहिजे. आई घाम पुसत, खूश होऊन बाहेर आली. तिला इतकं मोकळं झालेलं मी बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं. ते का, असा प्रश्न मला पडला नाही.

तो पडला आवाजवाल्याला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने माझ्या टेबलाशी येऊन हेडफोन पुढे केला.

"ताई, खोकला नका ऐकू. त्याच्या आधीचा श्वास ऐका."

मी ऐकलं. श्वास आत जाताना बारीक शिट्टी वाजत होती, दूरच्या कुकरसारखी. प्रत्येक खोकल्याआधी.

"आणि हे बघा, मधलं," तो म्हणाला. "इथं काकू पाणी मागून राहिल्या. एक्टिंग चालू नाई. तरी शिट्टी आहे." मग तो म्हणाला, "मी ते साफ करायले बसलो होतो. मग वाटलं, हे साफ करायचं नाई, दाखवायचं आहे."

घरी येऊन आईला विचारलं, तर तिने भाजी चिरता चिरता मान वर केली नाही.

"मले काई झालं नाई. तू काहून डोळे फाडून पाहून राहिली?"

"आई, खोकला कधीपासून आहे?"

"खोकला कोणाले? तूच त खोक म्हणली."

मग हळूहळू निघालं. सातऱ्यावर खोकला हे नवखेपणाचं लक्षण. पहिल्या आठवड्यात पोरी खोकून बेजार होतात, बाकीच्या हसतात. जुनी बाई खोकली की चारजणी तिच्याकडे वळून बघतात. "जुनी बाई खोकत नाई वं. खोकते ते नवी." त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी गॅलरीत बसून आमचं तिखट करताना तिला खोकला लागला, तो गेलाच नाही. तेव्हापासून ती न्हाणीघरात नळ सोडून खोकत होती. मी पाणी वाया जातं म्हणून दोनदा बोललेही होते. आणि त्या गादी लावलेल्या खोलीत, आयुष्यात पहिल्यांदा, कोणीतरी तिला खोक म्हणालं होतं.

सातऱ्यावर तिच्या शेजारी बसणाऱ्या दोघीजणी खोकता खोकताच गेल्या. हे तिलाही माहीत होतं, मलाही. दुसऱ्याच दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं.

छातीच्या डॉक्टरबाई वयाने माझ्याहून लहान. "आजी, किती दिवस झाले?"

"थोडे दिवस."

"थोडे म्हणजे?"

"मागच्या मिरचीपासून."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "फेब्रुवारी." तेव्हा ऑगस्ट चालू होता.

एक्स-रे झाला, थुंकीची तपासणी झाली, आणि एका नळीत जोरात फुंकायची तपासणी झाली. तिथे आईने शेजारच्या आजोबांपेक्षा आपला आकडा कमी आला म्हणून पुन्हा फुंकू द्या असा हट्ट धरला. सगळे रिपोर्ट मिळायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी ऑफिसात एका जखम भरून काढणाऱ्या वैद्याची शक्ती लिहिली. किती पावलांपर्यंत पोचते, या रकान्यात मी आमच्या ऑफिसपासून घरापर्यंतचं अंतर घातलं. प्रोग्रामर मुलीने ते न विचारता खोडून सहा केलं, आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

आठव्या दिवशी डॉक्टरबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. टीबी नाही. गाठ नाही. वर्षानुवर्षांच्या धुळीने श्वासनळ्या चिडून सुजल्या आहेत, जुना दमाच म्हणा. पंप घ्यायचा, वेळेवर यायचं, मिरची कुटणं बंद.

"आयुष्यभर?" मी विचारलं.

"हो, पण आयुष्य बरंच आहे," त्या म्हणाल्या आणि पुढचा पेशंट बोलावला. कोणी इतक्या थोडक्यात इतकं मोठं काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

आई त्यांना दारातून विचारत होती, "फोडणी त देऊ देता ना?"

बाहेर येऊन मी पायरीवरच बसले. आई म्हणाली, "ऊठ वं, लोक म्हणतील हेच पेशंट आहे." मग आम्ही समोरच्या गाडीवर पोहे खाल्ले. पोह्यांवरची झणझणीत तर्री मी कमी घ्यायला लावली म्हणून तिने मला दोन-चार शब्द सुनावले, आणि मी ते आनंदाने ऐकून घेतले.

आधीचं रेकॉर्डिंग गेममध्ये घालू नको, असं मी आवाजवाल्याला सांगायला गेले. त्याने ते आधीच बाजूला काढलेलं होतं. तीन आठवड्यांनी आई पुन्हा त्या स्टुलावर बसली, स्वतःहून. पंपाने छाती मोकळी झालेली. ती खोकली, आणि तो खोकला इतका पोकळ, इतका लटका निघाला की काचेपलीकडे आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. तिने चारदा प्रयत्न केला. आवाजवाला डोळे मिटून ऐकत होता. शेवटी त्याने हेडफोन काढला.

"नाई जमून राहिलं, काकू. एकदम नकली." असं म्हणताना तो हसत होता.

"आधीचा भारी होता," साहेब हळहळले. मग सगळे आपल्याकडे बघतायत हे लक्षात येऊन ते शर्टाच्या बाह्या सारून आत गेले. "चला, मीच करतो."

त्यांनी घसा खाकरला, माइकची उंची तीनदा बदलून घेतली आणि राजपुरोहिताला शोभेल अशा गांभीर्याने खोकले.

"तसं नाई, साहेब," आई माझ्या शेजारून ओरडली. "पोटातून! अन् तोंड पुसू नका मधात, मिरचीचा हात डोळ्याले लागते."

साहेबांनी हात खाली घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. त्यांना नीट जमायला अख्खी दुपार गेली. आई तेवढा वेळ खुर्चीवर मांडी घालून त्यांच्या चुका काढत होती, आणि त्या दुपारभरात एकदाही खोकली नाही. मी मोजत होते.