उशीर कुणी केला

रोगराई कशी टाळायची हे शिकवायला आमच्या टेमघरच्या चाळीत माणसं आली. बायको टीबीने जाऊन चार महिने झाले, तेव्हा आली. अगदी वेळेवर.

दोन पोरी होत्या, पांढऱ्या कोटातल्या. कॉलेजचा अभ्यास. टीबीने माणूस गेलेल्या घरी जायचं आणि फॉर्म भरायचा. आधी मला हात कसे धुवायचे ते दाखवलं. मी सत्तरीचा, चौथी शिकलेला, पण एवढं येत होतं. नळाला पाणी कसं आणायचं विचारलं, तर म्हणाल्या, "आजोबा, तो आमचा विषय नाही."

मग एकीचे प्रश्न. घराला खिडक्या किती? एक. पेशंट काय काम करायच्या? लूमच्या कारखान्यात कांडीवर सूत भरायची. मीही तिथलाच, तीस वर्षं.

"खोकला लागल्यावर किती दिवसांनी दवाखान्यात नेलं?"

"पाच महिन्यांनी."

"एवढा उशीर का झाला?" उत्तरंही तिनेच वाचली, छापून आणली होती. दवाखाना लांब. पैसे नव्हते. माहिती नव्हती. रुग्णाची टाळाटाळ.

चुलीकडून सून म्हणाली, "टाळाटाळच लिहा. सासूबाई ऐकतच न्हवत्या."

सुनेचं काय चुकलं? तिला, पोराला, दहाव्याला आलेल्या झाडून सगळ्यांना मीच तसं सांगितलं होतं. मेलेलं माणूस उलट बोलत नाही, मोठी सोय असते.

पोरीने खूण केली. संपलं. बायको गुन्हेगार.

"खोड ते, बाय," मी म्हणालो.

"का, आजोबा?"

"ती तीनदा म्हणाली, मला दवाखान्यात न्या. मीच न्हाय म्हणालो. कापूस बसलाय छातीत, गूळ खा, सुटेल. लूमवाले सगळे खातात. शेवटी तिला गिळवत न्हवता, तरी माझ्या समोर बसून खायची."

"म्हणजे माहिती नव्हती," दुसरी हळूच म्हणाली.

"न्हवती कशी? खोकल्यातला मोठा डॉक्टर हाय मी. अख्ख्या कारखान्याला गूळ खायला लावलाय."

"पण चारातलंच एक घ्यावं लागतं," पहिली म्हणाली.

"मग पाचवं काढ. लिही, नवऱ्याने नेलं न्हाय."

तिने कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं. मी मोठ्याने वाचायला लावलं. तिने वाचलं. भांड्यांचा आवाज थांबला होता.

सून बाहेर आली. पोरींना चहा दिला. मला दिला नाही. मी मागितलाही नाही.

पोरी गेल्या. पोरगा वडप्याला गोडाऊनवर कामाला असतो, शिफ्ट सुटली की सातला येतो. सून फोन घेऊन दारात बसली होती. मी म्हणालो, "तू नको सांगू. मी सांगतो." तिने फोन खाली ठेवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

मी चपला घातल्या आणि पोराची रिक्षा थांबते तिथे जाऊन उभा राहिलो.