नणंदेच्या पांढऱ्या डब्या

लोकांच्या पोटात शिरून तिथल्या रहिवाशांची विचारपूस करणारी बाई उभ्या गोंदिया जिल्ह्यात एकच, आणि ती माझी धाकटी नणंद. आतड्यांचा दाह कोणते जिवाणू भडकवतात, कोणते शमवतात, हे शोधून नेमके त्यांच्यावरच औषध योजावे, हा तिचा ध्यास. बोलते मात्र त्यांच्याविषयी भावकीसारखी. "हे घर पेटवणारे, वहिनी, आणि हे बिचारे मुकाट्याने विझवणारे." ताटात तांदळाची खीर वाफाळत असते, वेलदोडा दरवळत असतो, आणि ही शौचाच्या पोताचे वर्णन रेशमाच्या पोतासारखे हळुवारपणे करीत असते. एका लग्नात अक्षता पडतात न पडतात तोच तिने नवरदेवाला विचारले होते, "पोट साफ होतं ना?" कुडव्याच्या आमच्या घरून स्कूटीने ती गावोगाव जाते आणि नमुन्यांसाठी पांढऱ्या डब्या वाटते, हळदीकुंकवाचे वाण द्यावे तशा.

या हिवाळ्यात कोहमाऱ्यापलीकडच्या एका गावातून आतड्यांच्या दाहाने खंगलेल्या आजोबांची डबी आली. अहवाल वाचून ती स्वयंपाकघरातच नाचली. आजारी आतड्यात विझवणाऱ्यांची इतकी दाट वस्ती! "दादा, तुझ्या आजाराची वाट सापडली रे!" माझ्या नवऱ्याचे पोट दहा वर्षे त्याच आगीत आहे, घराबाहेर पडायचे तर तो आधी शौचालय कुठे ते विचारतो. त्या दिवशी त्याने चक्क आमच्या जिल्ह्यातला प्रतापगड चढायचा बेत केला.

दुसरा नमुना आणायला मीही तिच्यामागे स्कूटीवर बसले. त्या आजोबांच्या घरी आजीने चहा पुढे ठेवला, आणि सहज म्हणाली, "तू येवढ्या दुरून आली माय, पाव्हणीले खराब कायले देऊ? बुढ्याची नाही, नातवाची देल्ली. चांगली पाहून."

नणंद इतकी हसली की चहा साडीवर सांडला. परतताना मात्र बांधावर स्कूटी थांबवून म्हणाली, "दादाला कोण सांगणार, वहिनी?"

शेवटी तिनेच सांगितले. तो पोट धरून हसला. "चला, गावात एक तरी पोट सुखी आहे!" मग शांतपणे त्याने संध्याकाळची गोळी घेतली.

सकाळी ती पुन्हा त्याच गावी निघाली. "आज खराबच द्या म्हणून हात जोडते," म्हणाली. तो फाटकापर्यंत गेला. कापलेल्या धानाचा ओलसर, गोड वास धुक्यात तरंगत होता. स्कूटीचा आवाज विरला, तरी तो किती तरी वेळ तिथेच उभा होता.