रघूच्या अल्बममधून गळालेलं गाणं

गाण्याच्या नादाला लागलेली चार माणसं एकत्र आली की गाणी होतात थोडी आणि किस्से होतात ढीगभर. आमचा रघू निमोण्याचा. शिफ्टला एमआयडीसीत मशीनवर, उरलेल्या वेळात शेतावर, आणि दोन्हीकडे तोंडात गाणं. स्वतः रचतो, स्वतः गातो. मी कीबोर्ड वाजवतो, संभामामा हलगी. शिरूरला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तेच आमचं ऑफिस. यंदा रघूने पहिला अल्बम काढला. विषय एकच, रोजचं जगणं. ते जगतात सगळेच, पण त्यावर कुणी गाणं केलेलं मात्र कुणालाच चालत नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

*

रेकॉर्डिंग दौंडला. स्टुडिओ म्हणजे जुन्या पिठाच्या गिरणीत भिंतींना ठोकलेल्या गाद्या. रघूने पहिली ओळ लावली आणि बाहेर इंजिनाने भोंगा दिला. पुन्हा लावली, पुन्हा भोंगा. जंक्शनचं गाव, दुसरं काय होणार!

मी मालकाला म्हटलं, "अहो, जरा जाड काचा तरी बसवा."

तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडच्या समद्या गाण्यात गाडी येती. लोकं इफेक्ट समजत्यात."

वर रघूला म्हणाला, "आवाज लय गावरान हाय तुमचा. मशीनवर जरा पुण्याचा करून देऊ का?"

रघू म्हणाला, "नको. निमोण्याचंच गिऱ्हाईक हाय आपलं."

*

एक गाणं सुनीतावहिनींवर, म्हणजे रघूच्या बायकोवर. पहाटे उठून डब्याची भाकरी थापणारी बाई आणि तिच्या शेजारी बसून चूल फुंकणारा नवरा. रघूचा गळा त्यात असा काही लागलाय की वाजवताना मला भरून आलं होतं. वहिनींनी पिठाचे हात तसेच ठेवून सगळं ऐकलं.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पण चूल फुंकणारा त्यो कोण म्हणायचा? आपल्या घरात गॅस हाय, आन् नवरा तवा झोपल्याला असतो."

*

दुसरं गाणं बांध कोरणाऱ्यावर. दरवर्षी नांगरताना शेजाऱ्याच्या बांधात नांगराचा फाळ हळूच घुसवणारा माणूस. नाव कुणाचंच नाही. गाणं मोबाईलवर फिरलं आणि दुसऱ्याच दिवशी भावकीतले तिघे रघूच्या दारात.

पहिला म्हणाला, "म्या कोरला बांध, पर वीतभरच. गाण्यात तू हातभर केलास."

दुसरा म्हणाला, "आमची मोजणी अजून व्हायचीय. तवर गाणं बंद ठेव."

तिसरा नुसताच तापलेला होता, कारण त्याला वाटत होतं की पहिल्या दोघांनीच त्याचं नाव सांगितलं असणार.

ज्याच्यावर गाणं बेतलं होतं, ते रघूचे सख्खे चुलते. ते संध्याकाळी आले, खाटेवर ऐसपैस बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "झ्याक रचलंस. असली माणसं हायत बग गावात!"

*

आता खरा घोळ. रघूचा दोन एकर ऊस फडात उभा होता. कारखान्याची ऊस कापणारी टोळी आपल्या रानात उतरते, त्याला आमच्याकडे तोड म्हणतात, आणि ती नियमाने तारखेवर मिळते. नियम असा, की तारीख कारखान्याचे संचालक आप्पा ठरवतात. आप्पांच्या मेव्हण्याच्या उसाची लागण रघूच्या नंतरची, पण ऊस गेला आधी. रघूच्या उसाला तुरे येऊन वाळले, वजन रोज घटत चाललं. घराचं वर्षाचं गणित त्या दोन एकरांवर. रघूने गाणं केलं:

"मेव्हण्याचा ऊस गेला नटूनथटून सासरी,
माझ्या उसाला तुरा आला, बसला बापाच्या घरी."

अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं. मेव्हण्याने ते कुठेतरी ऐकलं आणि आप्पांच्या कानावर घातलं. आप्पांनी निरोप धाडला, "पोरगं गुणी हाय. अल्बमचं प्रकाशन माझ्याच हातनं करू. तेवढं एक गाणं काढा, तोड लगेच देतो."

मी चिडलो. म्हटलं, रघू, अजिबात काढायचं नाही. उसाची काळजी नसलेल्या माणसाला असा ताठा परवडतो. शेवटी वहिनी म्हणाल्या, "गाणं काय वाळत न्हाई. ऊस वाळतोय."

गाणं निघालं. मला फार वाईट वाटलं, आणि आप्पांचा इतका राग आला की मी त्यांच्या पुतण्याचा मोबाईल आठवडाभर दुरुस्तच केला नाही. माझी क्रांती तेवढीच.

*

प्रकाशनाच्या फ्लेक्सवर आप्पा छातीपर्यंत, मेव्हणा गळ्यापर्यंत, शुभेच्छुक चौकोनात आणि रघू खाली, छापखान्याच्या फोन नंबरशेजारी.

ऐनवेळी आप्पांच्या माणसाने विचारलं, "आप्पांनी सोडायचं काय?" अल्बम मोबाईलवर, सीडी हल्ली कुणी काढत नाही. पण चमकी कागद सोडल्याशिवाय आमच्याकडे प्रकाशन झालं असं कुणी मानत नाही. संभामामांनी त्यांच्या बाथरूमची उरलेली टाईल आणली, तिला अल्बमचं चित्र चिकटवलं आणि कागदात गुंडाळली. आप्पांनी कागद सोडला, टाईल कॅमेऱ्यापुढे धरली आणि म्हणाले, "वजनदार काम केलंय पोरानं."

पुढे सत्कार इतके झाले की रघूच्या वाट्याला एकच गाणं आलं, तेही पंगत बसल्यावर. ती टाईल आप्पांच्या शोकेसमध्ये आहे, ढालींच्या शेजारी.

*

शब्दाला मात्र आप्पा जागले. आठवड्यात बीडकडची टोळी रघूच्या फडात उतरली. आप्पा स्वतः आले, हातात कोयता घेऊन पहिला ऊस तोडतानाचा फोटो काढायला. आम्हीही गेलो होतो. फोटोवाला "आप्पा, जरा हसा" म्हणतोय, तेवढ्यात टोळीच्या मुकादमाने ट्रॅक्टरवरचा स्पीकर लावला आणि रघूचा आवाज आख्ख्या शिवारात घुमला. मेव्हण्याचा ऊस गेला नटूनथटून सासरी! तोडणाऱ्या बाया कोयत्याच्या तालावर दुसरी ओळ म्हणायला लागल्या. एकीलाही शब्द अडला नाही.

मी संभामामांकडे पाहिलं. मामा खिशातला मोबाईल चाचपत आभाळाकडे बघत होते.

आप्पांचा कोयता वरच राहिला. मुकादमाला म्हणाले, "कुणाचं गाणं हाय ह्ये?"

"काय म्हाईत, साहेब. औंदा समद्या टोळ्यांच्या तळांवर ह्येच वाजतंय."

मग आप्पा वळले. "रघू, तुला म्हाईत असंल. कुणाचं रं?"

रघू गुरांसाठी वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी बांधत होता. त्याने गाठ आवळली आणि मान वर न करता म्हणाला,

"लोकगीत हाय, आप्पा."