दोरी पुसणारी शेजारीण

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर ती रोज सकाळी कपडे वाळत घालायला यायची. वरच्या मजल्यावरची भाडेकरू; माहेर विदर्भातलं, कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमण्यांशेजारचं. कपडे टाकण्याआधी ती ओल्या फडक्यानं दोरी पुसायची, फडकं उलटून बघायची आणि खुशीत म्हणायची, "एवढीच धूळ!" पुण्याच्या हवेवर खूश असलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

तिच्या माहेरी दोरी पुसली तरी दुपारपर्यंत कपड्यांवर राख बसायची. कुरडया साडीखाली झाकून वाळवायच्या. "राख दिसते तरी, काकू," ती म्हणायची. "धुरातला पारा तर दिसत बी नाही. त्याले कशानं पुसावं?"

चिमणीतून काय आणि किती सोडायचं, याचे सरकारी नियम झाले होते. ते पाळायला मात्र मुदतीवर मुदत मिळत होती. नवी मुदतवाढ कानावर आली की ती फडकं जरा जास्तच जोरात पिळायची.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ती मोबाइल नाचवत वर आली. वीज केंद्रानं अखेर धूर गाळणारी यंत्रं बसवली होती. व्हिडिओत तिची आई उघड्यावर कुरडया घालत होती आणि मागे दोरीवर धोतर वाळत होतं.

"बाबाचं धोतर पांढरं हाये, हे मले आज कळलं," ती म्हणाली आणि हसत सुटली.

त्या आनंदात तिनं कपडे न पुसताच दोरीवर टाकले. उरलेली दोरी मग मी पुसली, फडकं उलटून पाहिलं आणि तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "एवढीच धूळ."